गुरांच्या वाटेवरचे अंथरूण

आपल्या संस्थेच्या शनिवारच्या धम्मवर्गात या वर्षी आम्ही अंगुत्तर निकायातील लहान लहान सुत्ते वाचावयास घेतली. त्यांपैकी एका सुत्ताने वर्गाला विहाराबाहेर काढले, कान्हेरीच्या डोंगरावर नेले, आणि परत आल्यावर कार्यकारिणीच्या बैठकीत वादही लावून दिला. स्मरणिकेसाठी एखादा पाठ लिहून द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा हाच द्यावा असे आम्ही ठरविले. जे वर्गाला येऊ शकत नाहीत त्यांना तो कळावा आणि वादातील आमची बाजूही नोंदली जावी, हा त्यामागचा हेतू.

सुत्त तिक निपातातील आहे. तथागत आळवी गावाजवळ शिसवीच्या वनात, गुरांच्या वाटेवर, पानांच्या अंथरुणावर मुक्कामाला आहेत. आळवीचा हत्थक नावाचा उपासक पाय मोकळे करीत तिकडून जात असतो. तो वंदन करून एका बाजूला बसतो आणि अगदी घरगुती प्रश्न विचारतो, की भगवंतांना रात्री झोप सुखाची लागली ना? तथागत होय म्हणतात. एवढेच नव्हे, तर जगात जे सुखाने झोपतात त्यांच्यात आपण एक आहोत, असेही सांगतात. हत्थकाला हे पटत नाही. तो एकेक अडचण मोजून दाखवितो. हिवाळ्याची रात्र, हिम पडण्याचे दिवस, खुरांनी तुडवून खडबडीत झालेली जमीन, पातळ अंथरूण, झाडावरही विरळ झालेली पाने, अंगावरची गार काषाय वस्त्रे आणि वर बोचरा वारा. अशात सुखाची झोप कशी लागेल?

विद्यार्थ्यांसाठी येथे थोडे थांबले पाहिजे. हिम पडण्याच्या या दिवसांना मूळ पालीत ‘अंतरट्ठक’ असा शब्द आहे. अट्ठकथेप्रमाणे माघाचे शेवटचे चार आणि फाल्गुनाचे पहिले चार असे हे आठ दिवस. मात्र तिकडचा महिना पौर्णिमेला संपे, आपला अमावास्येला संपतो. म्हणून आपल्या कॅलेंडरवर हे दिवस माघ पौर्णिमेच्या मागेपुढे शोधावेत. मुंबईत हिम कोठून पडणार? पण आरे कॉलनीत माघातल्या पहाटे स्वेटर लागतो, हे येथे राहणाऱ्याला ठाऊक आहे. स्टेशनाजवळच्या इमारतींत राहणारे नातेवाईक आपल्याकडे मुक्कामाला आले की आधी चादर मागतात.

आणि खुरांनी तुडविलेली जमीन? हा शब्द इतर वर्गांत समजावून सांगावा लागत असेल, आपल्या वर्गात लागला नाही. मुंबई शहरातील गोठे बाहेर हलविण्यासाठी १९४९ साली ही दुग्ध वसाहत उभी राहिली. पावसाळ्यात तबेल्याच्या वाटेवरचा चिखल म्हशी तुडवितात, पुढे तो वाळतो, आणि माघापर्यंत प्रत्येक खुराच्या कडेला दगडासारखी धार येते. वर्गातल्या एका उपासिकेने लहानपणी त्या वाटेने अनवाणी दूध आणले आहे. ती म्हणाली, “त्या जमिनीवर चालवत नाही, सर, झोपायचे कुठले!” सुत्त लिहिणाऱ्याने जमीन स्वतः पाहिली होती, अशी आमची त्या क्षणी खात्री पटली.

हत्थकाच्या शंकेला तथागत प्रतिप्रश्नाने उत्तर देतात. समज, एखाद्या गृहस्थाचा वाडा आहे. आतून-बाहेरून लिंपलेला, वारा न शिरणारा, दारे-खिडक्या घट्ट बसणाऱ्या. पलंगावर लांब केसांचा लोकरी गालिचा, वर छत, डोक्याशी आणि पायांशी तांबड्या उशा, तेलाचा दिवा तेवत आहे आणि चार स्त्रिया सेवेला आहेत. हा सुखाने झोपेल की नाही? हत्थक म्हणतो, झोपेल. मग तथागत विचारतात, पण त्याच्या मनात लोभातून, द्वेषातून किंवा मोहातून उठलेले दाह असतील, अंगाची आणि मनाची लाही करणारे, तर? तर नाही, असे हत्थकाला कबूल करावे लागते. ते दाह तथागताने मुळापासून तोडले आहेत, म्हणून त्याला गुरांच्या वाटेवरही झोप लागते, असा हा संवाद आहे.

‘परिळाह’ हा मूळ शब्द लक्षात ठेवावा. परिळाह म्हणजे दाह, आतली जळजळ. तथागतांनी थंडी नाकारलेली नाही. वारा बोचत नव्हता असे सुत्तात कोठेही नाही. झोप जाते ती बोचणाऱ्या वाऱ्याने कमी आणि आतल्या जळजळीने अधिक, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

येथपर्यंत वर्ग नेहमीसारखा चालला होता. मग बारावीला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आमच्या घरात तर गालिचाही नाही आणि वाडाही नाही. दहा बाय बाराची खोली. तरी रात्री दीडपर्यंत सगळे जागे. प्रत्येकाच्या तोंडावर मोबाईलचा उजेड. हा कोणता दाह?” आम्ही हात वर करावयास सांगितले. झोपताना हाताच्या अंतरावर मोबाईल ठेवणारे किती? तेवीसपैकी एकोणीस हात वर आले, आणि आमचा हात धरला तर वीस.

मोबाईलला शिव्या देणारे भाषण करणे सोपे आहे आणि आपल्या कार्यक्रमांत ते वरचेवर होतेही. आम्हाला ते पटत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावर भरला जातो, निकाल त्यावर कळतो, आणि २०२० च्या टाळेबंदीत मुलांची शाळा त्यातच भरत होती. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये रात्रीच्या वेळी आरेतली झाडे तोडावयास सुरुवात झाली, तेव्हा माणसे धावून आली ती त्यावरच्या निरोपांमुळेच. तेव्हा यंत्र वाईट म्हणून टाकून द्या, असे कोणी सांगू नये. पण तेलाचा दिवाही वाईट नसतो. वाड्यात तो रात्रभर तेवत होता, आणि माणूस जागा होता.

पालीत एकांताला ‘विवेक’ म्हणतात. मराठीत या शब्दाचा अर्थ सारासार विचार असा झाला आहे, त्यामुळे विद्यार्थी येथे हमखास गोंधळतात. शरीराने गर्दीपासून दूर होणे हा कायविवेक. मनाने ओढीपासून दूर होणे हा चित्तविवेक. तिसरा उपधिविवेक, म्हणजे निब्बाण. त्याविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. पहिल्यावाचून दुसरा निदान नवख्याला जमत नाही, म्हणून वर्गाने पहिला करून पाहण्याचे ठरविले. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची मौन शिबिरे होत आली आहेत. लोणावळ्याजवळ भाजे येथे त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या शिबिरांना आपल्यापैकी काही जाऊन आले आहेत. पण दहा दिवस सोडा, सलग दोन दिवस मोकळे असलेली माणसेही आमच्या वर्गात निम्मी नाहीत. तेव्हा एक रविवार, माघ पौर्णिमेच्या आसपासचा, आणि आपल्या पाठीशी उभा असलेला कान्हेरीचा डोंगर, असे ठरले.

आरे आणि राष्ट्रीय उद्यान एकमेकांना चिकटून असले तरी जंगलातून आडवे जाता येत नाही, आणि बिबट्याच्या घरातून जाण्याचे धाडस करूही नये. आम्ही बसने गोरेगाव, लोकलने बोरीवली आणि उद्यानाच्या दारातून पुढे पायी गेलो. लेण्यांपर्यंत सुमारे सहा-सात किलोमीटर चाल आहे. निघण्यापूर्वी विहारात सर्वांचे मोबाईल बंद करून एका कापडी पिशवीत ठेवले आणि पिशवी कपाटात बंद केली. अडीअडचणीसाठी एक साधा बटणांचा फोन आमच्याजवळ ठेवला आणि त्याचा नंबर प्रत्येकाच्या घरी आदल्या दिवशीच लिहून दिला. पुढे कोणाला असा उपक्रम करावयाचा असेल तर ही तयारी अवश्य करावी. ती नसेल तर आईबापांच्या जिवाला घोर लागतो, आणि तो रास्त असतो.

उद्यानाच्या दारापासून मौन. ठरले होते सावकाश चालण्याचे, पण पहिल्या अर्ध्या तासात मुले अशी सुटली की जणू आठ बावीसची फास्ट पकडावयाची आहे. मुंबईच्या माणसाला हळू चालता येत नाही. त्याचे पाय प्लॅटफॉर्मवर घडलेले आहेत. पुढे चढ लागला आणि चढाने आमचे काम केले.

हा अनुभव फार आनंदाचा होता असे लिहिले तर ते खोटे होईल. पहिल्या दोन तासांत बहुतेकांचा हात पुन्हा पुन्हा खिशाकडे गेला. एका मुलाला मांडीवर मोबाईल थरथरल्याचा भास होत होता, आणि मोबाईल तर आरेत कपाटात होता. कंटाळा आला, चिडचिड झाली, एक जण मौन मोडून दुसऱ्यावर खेकसला. आम्ही स्वतः पिशवीत मोबाईल टाकला, पण मनगटावरचे घड्याळ काढले नाही. चैत्यगृहाच्या पायऱ्या चढेपर्यंत ते किती वेळा पाहिले ते मोजले असते तर वर्गात पुन्हा तोंड दाखविता आले नसते. कोठे जावयाचे नव्हते, काही सुटावयाचे नव्हते. तरी वेळ पाहात होतो. सुत्तातील मोहाचा दाह कोणता, हे आम्हाला इतकी वर्षे शिकवूनही त्या पायऱ्यांवर प्रथम कळले.

कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे येथे भिक्षुसंघाची वस्ती होती. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना तथागतांच्या दोन प्रचंड उभ्या मूर्ती आहेत. त्या पाहून लोक परत फिरतात. विद्यार्थ्यांनी मात्र तेथे न थांबता वरच्या लहान लेण्यांकडे जावे. तेथे एका माणसाची खोली, खोलीत भिंतीलगत दगडी कट्टा, बाहेर ओटा, ओट्याशेजारी पाण्याची पोढी, असा बेत पुन्हा पुन्हा दिसतो. डोंगरावर पडणारे पाणी दगडात कोरलेल्या पन्हळींतून या पोढ्यांत आणलेले आहे. दगडी कट्टा म्हणजे भिक्षूचा पलंग. लोकरी गालिचा नाही, तांबड्या उशा नाहीत. हत्थकाची यादी हातात घेऊन तपासावे तसे आम्ही ते तपासले.

नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी पाहुण्यांनी आपापली नावे तेथे कोरून ठेवली. आज त्यांना ऐतिहासिक मोल आहे, हे खरे. पण एका मुलाने मौन सुटल्यावर विचारले, “म्हणजे सर, सेल्फीच ना?” त्याला काय उत्तर द्यावे ते आम्हाला सुचले नाही.

दुपारी डबे खाऊन झाल्यावर ओट्यावर चाळीस मिनिटे आनापान करावयास बसलो. खालून कोणाच्या तरी सहलीतल्या स्पीकरचा आवाज येत होता. आमच्यातला एक तरुण उठून शेजारच्या खोलीत गेला आणि दगडी कट्ट्यावर आडवा झाला. हा तरुण मोटारसायकलवरून घरोघर खाण्याच्या ऑर्डरी पोचवितो. चाळीस मिनिटे संपली, आम्ही सर्व उठलो, तो उठला नाही. तासभर गाढ झोपला होता, तोंडावर ऊन आले तरी. दोघा-तिघांनी नाके मुरडली. आम्ही त्याला उठविले नाही.

आता वादाकडे येतो. रविवार हा त्याच्या कमाईचा सर्वांत मोठा दिवस. यावयास तो तयार नव्हता. आमच्या आग्रहाखातर आला. त्या दिवसाचे आठ-नऊशे रुपये बुडाले, आणि आठवड्याच्या ठरावीक ऑर्डरी पुऱ्या न झाल्याने वरचा भत्ताही गेला. विद्यार्थ्याने मोबाईल बंद केला तर निरोप राहतात. आमच्यासारख्या पगारदाराने केला तर काहीही बिघडत नाही, रविवारचा पगार पडतोच. याने बंद केला तर चूल विझते. त्याच्या बुडालेल्या कमाईचे नऊशे रुपये संस्थेच्या निधीतून द्यावेत, असे आम्ही कार्यकारिणीत सुचविले. त्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, सहलीला येण्याचेही आता पैसे द्यावयाचे काय? आणि तो तर ध्यानाच्या वेळी झोपला होता!

दोन्ही आक्षेपांचे उत्तर आमच्या मते त्या डोंगरावरच कोरलेले आहे. कान्हेरीच्या लेखांत ‘अक्षयनीवी’ हा शब्द वारंवार येतो. आम्ही बँकेत काम करतो, म्हणून तो आम्हाला विशेष जवळचा वाटतो. अक्षयनीवी म्हणजे कायम ठेव. मुद्दल मोडावयाचे नाही, उत्पन्नातून खर्च भागवावयाचा. कल्याण, सोपारा, चौल येथील व्यापाऱ्यांनी आणि गृहस्थांनी अशी दाने दिली. मंगळठाण नावाच्या गावातले शेत दिल्याची नोंद आहे. ते आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. मागाठाण्याच्या डेपोतून बस पकडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळी, गौड देशाहून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने येथे ध्यानाला योग्य अशा खोल्या करविल्या आणि भिक्षूंच्या वस्त्रांसाठी शंभर द्रम्मांची कायम ठेव दिली. म्हणजे कोणी शांत बसावे म्हणून दुसरा कोणी आधी पैसे बाजूला काढीत होता. डोंगरावरची शांतता कधीच फुकट नव्हती. हजार वर्षे तिचा खर्च समाजाने उचलला, म्हणून ती टिकली.

आपल्या समाजाला विश्रांती तर कधीच आयती मिळालेली नाही. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे झगडल्यानंतर. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४५ साली कारखान्यातील कामगारांना पगारी रजा देणारी कायद्याची दुरुस्ती झाली, आणि आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे दुरुस्ती विधेयक १९४६ साली त्यांनीच मांडले. ‘पगारी’ या शब्दावर आमचा भर आहे. रजा घे, पण उपाशी राहा, असे बाबासाहेबांनी कामगाराला सांगितले नाही. ऑर्डरी पोचविणाऱ्या या मुलांना ना रजा, ना तासांची मर्यादा. त्यांना एकांताचे महत्त्व पटवून देणारे आम्ही कोण, जोपर्यंत त्या दिवसाची भाकरी आम्ही त्यांच्या ताटात ठेवीत नाही?

तो झोपला, या आक्षेपाविषयी एवढेच, की ज्या सुत्तासाठी आम्ही डोंगर चढलो त्यात हत्थकाने ध्यान कसे लागले असे विचारलेले नाही. झोप लागली का, असे विचारले आहे. आणि हा हत्थक कोण होता, तेही वर्गात पाहिले. अंगुत्तर निकायातच दुसऱ्या ठिकाणी, अट्ठक निपातात, तो पाचशे उपासकांसह येतो आणि एवढी मंडळी एकत्र कशी बांधून ठेवतोस, असे तथागत त्याला विचारतात. दान, गोड बोलणे, हिताचे काम करणे आणि सर्वांशी समानतेने वागणे, ज्याला पालीत ‘समानत्तता’ म्हणतात, या चार संग्रहवस्तूंनी, असे तो सांगतो. ज्याला जे हवे आहे ते ओळखून तो देतो. संस्था चालविणाऱ्यांसाठी याहून जवळचा नमुना आमच्या वाचनात नाही. झोपेची चौकशी करणारा आणि मंडळ चालविणारा हा एकच माणूस आहे, याकडे आम्ही कार्यकारिणीचे लक्ष वेधले.

पुढच्या शनिवारी आम्ही त्या तरुणाला विचारले, त्या रात्री झोप कशी लागली? तो म्हणाला, “कसली झोप, सर? पिशवीतून मोबाईल घेतला आणि सात वाजता लॉगिन केले. दिवस भरून काढायला नको? अडीचला घरी आलो.” मग थोडे थांबून म्हणाला, “पण दुपारी झोपलो होतो ना.”

प्रस्ताव आता सर्वसाधारण सभेपुढे आहे. पन्नास हजारांची मुदत ठेव वेगळी ठेवावी, मुद्दलाला हात लावू नये, आणि व्याजातून अशा सभासदांच्या बुडालेल्या दिवसाची भरपाई द्यावी, असा तो आहे. साडेसहा टक्क्यांनी वर्षाला सव्वातीन हजार रुपये होतात. नऊशेच्या हिशेबाने एका माणसाचे चार रविवारही पुरे भरत नाहीत, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. वर्गात असे रोजंदारीवरचे सहा जण आहेत. तेव्हा ठेव किती असावी, यावर सभासदांनी घरून आकडा काढून आणावा.